जांभळाच्या बेचकीपर्यंत

ये रेवा, जवळ ये. कागदावर लिहिते आहे, पण बोलते आहे तुझ्याशीच, तेव्हा शेजारी बसल्यासारखी वाच. आधी थोडी खरडपट्टी काढते, मग पुढचं. मागच्या वैशाखात तू मैत्रिणींना घेऊन आलीस, पुलावर गाडी थांबवलीस, कठड्यावरून खाली वाकलीस आणि हसलीस. म्हणालीस, "आजी, खाली घोटाभर पाणी नाही आणि वर केवढा हा पूल. कुणाचं तरी भलं झालेलं दिसतंय यात." मैत्रिणीही हसल्या. मी तुम्हाला तांदळाची भाकरी वाढली, खुरासणीची चटणी वाढली, तुम्ही जेवलात, फोटो काढलेत आणि शहरात गंगापूर रोडला उजेडात पोचायचं म्हणून लगबगीने निघालात. पण ते हसणं मला भाताच्या कुसळासारखं घशात अडकून राहिलं. तुझं चुकलं असं नाही, तुला कुणी सांगितलंच नाही. तो पूल एवढा उंच का, हे सांगणारं आता या वाडीत माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. ते आधी ऐक, मग खुशाल हस.

आमचं तेव्हाचं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या विणायच्या, वरून शेणमातीने लिंपायचं, झाली भिंत. त्या भिंतीतून वारा येई, शेजारच्याचा खोकला येई, आणि भांडण तर हमखास येई. सकाळ व्हायची ती उखळाच्या आवाजाने. आई भात कांडायला बसायची. तिचं मुसळ खैराचं, टोकाला लोखंडी कडं बसवलेलं, माझ्या खांद्याइतकं उंच. त्या आवाजावरून आदला दिवस कसा गेला ते मला अंथरुणातूनच कळायचं. सरळ एका लयीत घाव पडत असले तर सगळं ठीक. घाव अडखळत पडत असले तर बाने हात उचललेला. बा म्हणजे माझा बाप. मारकुटा होता, हे मी कशाला लपवू? वाडीत सगळेच होते. पण आमच्या बाचं एक वेगळं होतं. तो दारू पीत नसे, कारणही शोधत नसे. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा आणि मग हात सुटायचा. आई मार खाऊन उठायची, केस बांधायची आणि चुलीवर पेज ठेवायची. मला वाटायचं सगळ्या घरांत पेज अशीच शिजते.

आता नदीचं सांगते. तिचं नकाशातलं नाव काहीही असेल, आम्ही तिला गंगाच म्हणतो. आमची वाडी गंगेच्या या काठाला, आणि घोटीचा बाजार, डॉक्टर, शाळा, एसटी सगळं त्या काठाला. पावसाळा लागला की चार महिने आम्ही इकडचे इकडेच. मीठ आणि रॉकेल आधी भरून ठेवायचं, आणि आजारी पडायचं नाही. श्रावणात गंगा दुथडी भरली की वाडीतल्या बाया तिची ओटी भरायला जात. नारळ, खण, मूठभर तांदूळ. आणि पाण्याचा ओठ जिथे टेकला असेल तिथे नदीतलाच एक दगड ठेवायचा, त्याला शेंदूर लावायचा. पुढच्या वर्षी पाणी त्या दगडाच्या खालीच राहिलं तर तो तसाच असू द्यायचा. वर चढलं, तर नवा दगड त्याच्या वर. म्हणजे काठावर दगडांची एक उतरंडच होती, आणि सगळ्यात वरचा दगड माझ्या आईने ठेवलेला होता. मी पाळण्यात होते तेव्हा. त्या वर्षी माझा थोरला भाऊ सोपान गेला.

त्याला ताप भरला होता, उतरत नव्हता. बाने त्याला खांद्यावर घेतला, कमरेला दोर बांधला आणि घोटीला न्यायचं म्हणून पाण्यात उतरला. मध्यावर वरून लोंढा आला, त्यातला एक ओंडका बाच्या बरगड्यांत बसला. बा जगला, पोर गेलं. आईला बऱ्याच वेळाने कळलं, ती धावत काठाला आली तेव्हा तिने पाणी जिथे बघितलं, तिथे दगड ठेवला. ओटी नाही, नारळ नाही, नुसता दगड. शेंदूर पुढे दुसऱ्या कुणी तरी लावला. त्या दिवसापासून आई रोज पाण्याला जाताना तिथे थांबायची. कधी कधी दगडाशी बोलायचीसुद्धा. "सुमीला दात आला बघ," असलं काहीतरी. सुमी म्हणजे मी.

मी न्हातीधुती झाले त्या उन्हाळ्यात बातमी आली की गंगेवर पूल होणार. एकच पूल. आमच्या वाडीशी, नाहीतर मैलभर खाली खालच्या वाडीशी. जागा बघायला साहेब येणार होता. आता तुला वाटेल, कुठे का होईना, झाला म्हणजे बास. तसं नसतं गं. पूल ज्याच्या दारात, एसटी त्याच्या दारात, मग शाळा त्याच्या दारात, दवाखाना त्याच्या दारात, आणि सोयरीकसुद्धा त्याच्याच दारात. आमच्या वाडीत मुलगी द्यायला लोक कचरत. ते दोन्ही वाड्यांना पक्कं कळत होतं. त्यामुळे बातमी आली त्याच आठवड्यात बाजाराच्या वाटेवर दोन डोकी फुटली, आणि खालच्या वाडीत दिलेली आमची एक मुलगी पाठीवर वळ घेऊन परत आली. तिच्या सासऱ्याने सांगून पाठवलं, पूल तुम्ही घ्या, पोरगीपण तुम्हीच घ्या.

आमच्याकडे सगळं ठरवायचा तो तात्या, माझा चुलता. रस्त्याच्या कामावर मुकादम होता, त्यामुळे सरकार कसं चालतं ते आपल्यालाच कळतं असा त्याचा समज. त्याने आमच्या ओट्यावर सगळ्या बाप्यांना गोळा केलं.

"सरकार काय बघतं? खर्च बघतं," तात्या म्हणाला. "पाणी जेवढं वर, तेवढा पूल वर. पूल जेवढा वर, तेवढा खर्च. खालच्या वाडीला पाणी पसरतं, पण वर चढत नाय. साहेबानं आपला वरचा दगड बघितला, की गाडी फिरवून तो तिकडंच जाईल."

"मग काय करायचं?"

"करायचं काय? दगडाला पाय नसतात. आपल्याला हायेत."

लोक हसले, आणि मग एकेकाचं हसू विरलं, कारण तो दगड कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं. सगळे बाच्या तोंडाकडे बघायला लागले.

"त्याला कुणी हात लावायचा नाय," बा म्हणाला. तो उठून उभा राहिला. मग बा म्हणाला, "मी उचलतो."

मी चुलीपाशी हुलगे निवडत होते. आई रानात होती, भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे पालापाचोळा भाजायला. बा गेला, दोन्ही हातांनी दगड उचलला आणि पोटाशी धरून उतरंडीच्या पार खाली आणून ठेवला. मधले दगड तात्याने लाथेने गंगेत लोटले. दारातून मला बाची पाठ दिसत होती. दगड ठेवल्यावर तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

आई पाण्याला गेली आणि तिने ते बघितलं. ओरडली नाही. हंडा खाली ठेवला, दगड कमरेवर घेतला, जसं पोर घेतात तसा, आणि चढायला लागली. बाप्ये ओट्यावरून धावले. बाच्या हातात कुदळीचा दांडा होता.

"ठेव खाली."

"खालीच व्हता. तुम्ही ठेवलेला. मी वर नेतेय."

"वहिनी, येडेपणा नका करू," तात्या म्हणाला. "पूल झाला तर पोरं जगतील वाडीतली."

"खोट्या पाण्यावरचा पूल व्हय रे तुझा? पोरं त्यावरून निघतील आणि मधीच जातील. माझं गेलं तसं."

बाचा दांडा तिच्या कानावर बसला. रेवा, मी पुष्कळ मार बघितला होता, पण तो आवाज मी आजही ओळखीन. नारळ फुटल्यासारखा नव्हे, ओलं लाकूड चिरल्यासारखा. आई गुडघ्यावर आली. कानातून रक्त मानेवर उतरलं आणि दगडावर ठिबकलं, शेंदरात मिसळून दिसेनासं झालं. तरी तिने दगड सोडला नाही. तात्याने तिची बोटं एकेक करून उकलली. त्या कानाने तिला पुढे मरेपर्यंत ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाची जीप यायची होती. आई पेज ढवळता ढवळता म्हणाली, "मी सांगणार त्याला." तात्याने तिला हाताला धरून भाताची कणगी आणि उखळ असलेल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. बा दारात बसून तंबाखू मळत होता, त्याने वर बघितलं नाही.

साहेब बारीक अंगाचा, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस होता. बोलायला मऊ. गंगा सुकलेली, त्यामुळे जीप पात्रातूनच आली, आणि तिच्या मागोमाग खालच्या वाडीचे बाप्येही आले, हातात काठ्या, काहींच्या कमरेला कोयते. साहेबाने आल्या आल्या तेच विचारलं ज्याची तात्या वाट बघत होता.

"मोठ्या पुराची खूण कुठली?"

"ही बघा ना," तात्याने खालचा दगड दाखवला. "आमच्या बायका देव करून ठेवतात. देवाला कोण खोटं ठेवील?"

साहेबाने मोजायची उंच पट्टी दगडापाशी उभी करायला सांगितली. तेवढ्यात खालच्या वाडीचा एक जण वर चढून गेला आणि हसायला लागला. "साहेब, इकडं या. इथली जागा बघा. गवत पांढरं पडलंय आणि मुंग्या घर शोधत हिंडू राहिल्या. यांचा देव काल चालत खाली आलाय."

तात्याने त्याच्या तोंडात मारली. मग काय सांगू तुला. काठावर दगडांना काय तोटा? दोन्हीकडून सुरू झाले. जीपची काच फुटली, ड्रायव्हर जीपखाली शिरला. साहेबाची पट्टी कुणी तरी हिसकावली आणि दुसऱ्याच्या पाठीवर मोडली. एकाचे पुढचे दात पडले, तो ते वाळूत चाचपत होता आणि लोक त्याच्या हातांवरून तुडवत पळत होते. बाच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो दोघांशी एकदम लढत होता, गप्प, जसा घरात मारायचा तसा. माझ्या पोटरीवर एक गोटा बसला, मी घराकडे पळाले.

आणि घराची भिंत हलत होती.

आतून घाव पडत होते, सरळ, एका लयीत, भात कांडल्यासारखे. शेणमातीचे पोपडे उडाले, कारवीच्या काठ्या मोडल्या आणि भिंतीला भगदाड पाडून आई बाहेर आली. डोक्यापासून पायापर्यंत माती, मानेवर वाळलेलं रक्त, हातात मुसळ. मी "आई" म्हणाले, तिला ऐकूच आलं नाही. ती चालत त्या मारामारीत शिरली. तात्या हात पसरून आडवा आला. तिने मुसळ आडवं फिरवलं आणि त्याच्या नडगीवर मारलं. हाड मोडलं ते सगळ्यांनी ऐकलं. तात्या पडला, आई त्याला ओलांडून गेली, वर चढली आणि मुंग्या फिरत होत्या त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली. मुसळ मांडीवर आडवं.

तात्याच्या किंकाळीने लोक थांबले. साहेब जीपमागून बाहेर आला. त्याचं कपाळ फुटलं होतं, रुमाल लाल झाला होता.

"बाई, तुम्ही तिथं का जाऊन बसलात?"

तो तिच्या फुटक्या कानाच्या बाजूला होता. मी दुसऱ्या बाजूने जाऊन ओरडून सांगितलं, साहेब विचारतोय.

"माझं पोर गेलं तेव्हा पाणी इथं व्हतं," आई म्हणाली. "मी बघितलंय. पूल बांधायचा तर याच्या वर बांधा. नायतर आम्हाला नको."

साहेबाने सगळ्यांकडे बघितलं. "खरं का हे?"

बा पुढे आला. हातात अजून काठी होती. मला वाटलं, आता हा तिला सगळ्यांसमोर मारून टाकतो.

"साहेब, ती खोटं सांगतेय," बा म्हणाला. आमच्या बाप्यांनी श्वास सोडला. आईने मुसळ घट्ट धरलं. "पाणी याच्यावर व्हतं."

त्याने काठी टाकली. आईच्या मागे दोन पुरुष उंचीवर जांभळाचं झाड आहे. तू बघितलंस ते, त्याच्याच सावलीत फोटो काढलेत तुम्ही. बा चढून त्या झाडापाशी गेला, बुंध्यावर चढला आणि बेचकीत हात घातला. "मी इथं लटकलो व्हतो. या फांदीला. पाणी माझ्या छातीला व्हतं. पोर या हातात व्हतं." त्याने हात दाखवला आणि तसाच उघडा धरून ठेवला. "ही आली तवर उतरलं व्हतं. हिनं उतरलेलं बघितलं."

दात पडलेला माणूससुद्धा वाळूतून उठून वर बघत होता. पट्टी मोडलेली, म्हणून साहेबाने खिशातली टेप काढली आणि तो स्वतः झाडापाशी गेला.

सगळे शहाणे झाले असं समजू नकोस. वाडीने धरलं की बाने पूल घालवला. दुसऱ्या सकाळी आमची पेंढ्याची गंजी पेटवली, आणि विझवायला गेलेल्या बाला धरून त्याचा उजवा हात दगडावर ठेवून दगडाने ठेचला. करणारे सगळे आमचे भाऊबंद होते, सावडीला, म्हणजे कामाच्या बदल्यात काम म्हणून, आमच्या शेतात भाताची आवणी लावणारे. आईने हळद भरली, कामट्या लावून हात बांधला. बांधता बांधता म्हणाली, "आधी का नाय सांगितलं मला? एवढी वर्षं."

"तू दगडाशी बोलायची," बा म्हणाला. "मी मधी काय बोलू?"

आईने चिंधीची गाठ मारली, जरा जोरातच मारली. बा कळवळला.

पूल आम्हालाच मिळाला. तात्याचं गणित मुळातच चुकलं होतं. इथे दोन्ही काठांना काळा खडक आहे, खांब घट्ट बसतो, खालच्या वाडीला नुसता गाळ. साहेबाने ती जागा पहिल्याच नजरेत हेरली होती म्हणे. उंचीचं तेवढं त्याला विचारायचं होतं, आणि आपण तेवढंच खोटं सांगायला निघालो होतो. सुरुंगांनी पुढचे दोन उन्हाळे घराची भांडी वाजत राहिली. आईने पाट्या वाहिल्या, मी वाहिल्या, बाने एका हाताने वाहिल्या. तात्या लंगडत मुकादमी करायचा आणि आईच्या पाटीत खडी कमी दिसली तरी काही बोलायचा नाही.

त्यानंतर एसटी आली, नर्सबाई आली, पोरी घोटीच्या शाळेत जायला लागल्या. तुझी आई त्या पुलावरून शिकली, नाहीतर तुझं गंगापूर रोड कुठलं? आमचा कोळपी तांदूळ भर पावसात बाजार गाठायला लागला. खालच्या वाडीत सोयरीक पुन्हा जुळली, पण ती परत आलेली मुलगी काही गेली नाही. आणि बाचा हात त्यानंतर थांबला असंही मी सांगणार नाही. डावा उरला होता. फक्त आता तो उचलला की आई मुसळाकडे बघायची, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागायचं.

पूल झाला त्याच्यानंतर काही वर्षांनी गंगा तशी चढली. मी लग्न होऊन गेले होते, इथे कायमची राहायला परत आले ती पुढे; तेव्हा बाळंतपणाला माहेरी आले होते. आईने ओटी घेतली आणि आम्ही तिघं पुलावर उभे राहिलो. खाली आईच्या दगडाची जागा बुडाली, मग झाडाचा बुंधा बुडाला, मग पाणी बेचकीला टेकलं आणि तिथेच घुटमळलं. आमच्या पायांखाली अजून माणूसभर मोकळी जागा होती. घोटीची एसटी आमच्या मागून गेली, भरलेली, पोरं खिडकीतून ओरडत होती. बा बेचकीकडे बघत होता. आईने नारळ सोडला आणि त्याच्या ठेचलेल्या हाताला धरून त्याला घरी नेलं.

आता समजलं ना कशाला एवढा? तर मग यंदा वैशाखात येऊ नकोस, वैशाखात गंगा कुणालाही हसवते. श्रावणात ये. शेतात खेकडे निघतात तेव्हा, मी रस्सा करीन. पूर्वी गंगा भरली की सांगावा धाडायचो, येऊ नका म्हणून. आता पाणी बेचकीला लागलं की मी तुला फोन करीन, आणि तू तशीच निघ. गाडी पुलावर जरा थांबव, खाली बघ, आणि मग सरळ दारात ये.